परदेशी ठरलेली माझी विद्यार्थिनी

माझी एक विद्यार्थिनी परदेशी आहे, हे मला तिच्या बापाने घरी येऊन सांगितलं.

एप्रिल संपत आला होता. सकाळी नऊच्या सुमाराला मी जव्हारच्या माझ्या घरात पाण्याचे हंडे झाकून ठेवत होते, तर दारात हा उभा. वांगणीच्या बाजूच्या पाड्यावरून पहिल्या जीपने आला होता. त्या पाड्यावरच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन जव्हारला राहायला आले, तरी हा माणूस वर्षातून दोन-तीनदा यायचाच, आणि कधी मोकळ्या हाताने यायचा नाही. करवंदं, रानभाजी, नाहीतर नागलीचं पीठ, काहीतरी पिशवीत असायचंच. त्या दिवशी पिशवीच नव्हती.

"बाई, पोरीला धरली," तो म्हणाला.

"कोणी?"

"पोलिसांनी. जावयालाबी. सांगतात, ही आपल्या देशातली नाय."

मला आधी कळेचना. त्याला आत बसवलं, पाणी दिलं. पाण्याचा पेला हातातच धरून तो सांगायला लागला. त्याची मोठी मुलगी माझ्याकडे पहिली ते चौथी शिकलेली. भात-नागली घरात आली की नवऱ्याबरोबर मुंबईच्या बाजूला बांधकामावर जायची आणि मे संपता संपता परतायची. पाड्यावरची निम्मी घरं अशीच जातात. दोन दिवसांपूर्वी उजाडता उजाडता साइटवर पोलिसांच्या गाड्या आल्या. पत्र्याच्या खोपटांतून सगळ्यांना बाहेर काढलं आणि आधार कार्डं मागितली. यांची कार्डं होती मुकादमाकडे. माणसं कामावर नेली की मुकादम कार्डं आपल्याजवळ ठेवून घेतो, म्हणजे कोणी मधेच काम टाकून जात नाही. त्या सकाळी मुकादमाचा फोन बंद. ज्यांच्या हातात कार्ड नव्हतं त्यांना गाडीत बसवलं. एका बाई पोलिसाला दया आली, तिने आपला फोन दिला, आणि मुलीने पाड्यावरच्या दुकानदाराचा पाठ असलेला नंबर लावला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणली, बाबा, मी त्या मारमार देशाची हाय म्हणतात. कागद घेऊन ये. बाईंना सांग." त्याने पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "बाई, हा मारमार कुठं आला?"

एरवी मला हसू आलं असतं. मी त्याला सांगितलं, म्यानमार. आपल्या देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, डोंगरांच्या पलीकडे. आम्ही शाळेत शिकलो तेव्हा त्याला ब्रह्मदेश म्हणायचे. तिथे लष्कराने राज्य बळकावलं आहे. लोक त्याच्याविरुद्ध उठले आहेत. लष्कर आपल्याच गावांवर विमानातून बॉम्ब टाकतंय आणि माणसं पोरंबाळं घेऊन सरहद्द ओलांडून इकडे येतायत.

"आणि माझी पोर?"

गेले कित्येक महिने मी पेपरात त्या लढाईबद्दल वाचत होते. ती थांबावी म्हणून आपलं सरकार काय करतंय, हे आतल्या पानांतही मला नीटसं सापडलं नव्हतं. पळून आलेल्यांना हुडकून काढा, कागद तपासा, परत पाठवा, हे मात्र पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत यायचं. वाचून मी चहा प्यायचे आणि पान उलटायचे. एवढ्या मोठ्या देशाला शेजारच्या आगीवर सुचलेला उपाय म्हणजे बांधकामावर विटा वाहणारी माणसं गाडीत कोंबणं, हे मला त्या सकाळपर्यंत खटकलं नव्हतं, याचाही मला पुढे राग आला.

मी म्हटलं, "चला, आधी शाळेत जाऊ."

मिळेल त्या जीपने आम्ही उलट पाड्यावर गेलो. शाळेत आता एक तरुण मुख्याध्यापक आहेत. भला माणूस, पण सारखा कोणाला तरी घाबरलेला. मी त्यांच्याकडे दाखल-खारीज रजिस्टर मागितलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते: नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आलं, कधी गेलं. त्या मुलीची नोंद माझ्याच हाताची होती.

"उताऱ्यावर सही-शिक्का द्या," मी म्हटलं.

"बाई, वर विचारल्याशिवाय कसं देऊ? सध्या वातावरण फार वेगळं आहे. उद्या मलाच विचारतील, कोणाला दाखला दिलात म्हणून."

"पहिलीत तुमच्या समोरच्या या बाकावर बसणाऱ्या मुलीला दिला म्हणून सांगा."

मुलीचा बाप दाराशी जमिनीवर बसला होता. तो सरांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने सरांनी कपाट उघडलं, उतारा लिहिला आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. बापाने घरी जाऊन वनपट्ट्याचा कागद आणला. जंगलातली कसती जमीन त्याच्या नावावर झाल्याचा तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधून ठेवलेला होता. त्यावर त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघालो. त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही.

पोलीस ठाण्यात साहेब तरुण होते, बोलायला सौम्य. मला खुर्ची दिली. बापाला दिली नाही; तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी म्हटलं, "हे मुलीचे वडील आहेत, त्यांनाही बसू द्या." तेव्हा कोणीतरी एक स्टूल सरकवलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, आमचीही बाजू समजून घ्या. सीमेपलीकडे युद्ध चालू आहे. तिकडून कोण येतंय, कुठे लपतंय, कोणाला माहीत? वरून रोज विचारणा होते, किती सापडले म्हणून. आता ह्या बाईकडे कार्ड नाही. मशीनवर अंगठा उमटला नाही. मराठी येत नाही. हिंदी बोलते तीही बंगाली वळणाची. आम्ही काय समजायचं?"

चारातल्या तीन गोष्टी खऱ्या होत्या. खऱ्या असून त्यांचा अर्थ साफ खोटा काढला होता, आणि तेही अगदी शांतपणे.

"कार्ड मुकादमाकडे आहे. त्याला शोधलंत का?"

"शोधतोय."

"दिवाळीपासून सिमेंट कालवणाऱ्या हातावर रेषा कुठून राहणार? आणि हिंदी ती बांधकामावर शिकली. तिथले मिस्त्री बंगालचे. ज्यांच्याबरोबर राबते त्यांच्यासारखीच बोलणार. राहिली मराठी. ती तिला येते. चौथीपर्यंत मीच शिकवली आहे."

"मग बोलली का नाही?"

"तिला बोलवा. माझ्यासमोर बोलवा."

ज्यांना पकडलं होतं त्यांना जवळच्याच एका सार्वजनिक हॉलमध्ये ठेवलं होतं. अर्ध्या तासाने बाई पोलीस मुलीला घेऊन आली. मुलगी कसली, दोन लेकरांची आई आता. तिची लेकरं पाड्यावर आजीकडे होती. केस विंचरलेले नव्हते, साडीवर वाळलेलं सिमेंट तसंच होतं. बापाला बघून ती आधी रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माना घरी नेस."

साहेबांनी शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं. "ऐकलंत? माना. ही कुठली मराठी?"

माझा तोल तिथे सुटला. मी उभी राहिले. "ही वारली आहे, साहेब. तुम्ही आणि मी या भागात यायच्या कितीतरी आधीपासून हिचे आजे-पणजे हीच भाषा बोलतायत. मी घाटावरून बदली होऊन इथे आले. तुम्हीही कुठून तरी बदलीवरच आला असाल. परदेशी शोधायचा तर तुमच्या-माझ्यापासून सुरुवात करा. ही शेवटची येईल."

हवालदार खाली बघायला लागला. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, बसा. भावना समजतात. मला रेकॉर्डवर काय दाखवायचं ते सांगा."

मी बसले, आणि माझं मलाच तोंडघशी पडल्यासारखं झालं. कारण ती चार दिवस गप्प का होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती पहिलीत आली तेव्हा पाटी फुटल्याचं सांगायला माझ्याकडे आली आणि 'माना' म्हणाली. मी म्हटलं, 'माना' नाही, 'मला' म्हण. पुन्हा 'माना'. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. असं एकदा नाही झालं आणि तिच्या एकटीच्या बाबतीतही नाही झालं. पाड्यावरच्या पोरांना शुद्ध बोलायला लावलं म्हणून मला तालुक्याला शाबासकी मिळाली होती. माझ्या वर्गात ती मराठी शिकली हे खरं, पण त्याबरोबर तिला आणखी एक गोष्ट पक्की समजली, की खुर्चीवरच्या माणसापुढे आपली भाषा काढायची नाही. म्हणून पोलिसाने विचारलं तेव्हा ती आधी गप्प राहिली, आणि फारच दरडावल्यावर साइटवरची हिंदी बोलली. सरकारवर तोंड सोडताना मला हे आठवत होतं. राग कमी झाला नाही. फक्त तो कोणाकोणावर आहे हे नीट कळलं.

मी उतारा पुढे केला. साहेबांनी वाचला. मुलीचं घरचं नाव वेगळं आणि शाळेतलं वेगळं. शाळेतलं मी घातलेलं. ते मी समजावलं. मग त्यांचं बोट जन्मतारखेवर थांबलं.

"एक जून." त्यांनी समोरची एक यादी काढली. त्याच पाड्याच्या बाजूची अजून तीन माणसं पकडलेली होती, त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये कार्डाचे फोटो होते. "नवऱ्याची, एक जून. हा दुसरा, एक जून. ही त्याची बायको, एक जून. मॅडम, सगळा गाव एकाच दिवशी जन्मला? बनावट कागद करणारे असेच एका छापाचे करतात."

"बनावट नाहीत. तारखा मी घातल्या."

"म्हणजे?"

मला सांगावं लागलं. शाळा जूनमध्ये उघडायची. मूल सहा वर्षांचं पाहिजे. आईबापांना विचारलं, जन्म कधीचा, तर ते सांगायचे, नागलीची रोपं लावत होतो तेव्हाचा; ज्या साली ओढ्यावरची फरशी वाहून गेली त्या सालचा. रजिस्टरात तर तारीखच लागते. मग मी हिशेबाने साल धरायचे आणि एक जून टाकायचे. मी एकटीच नाही; माझ्या आधीच्या गुरुजींनी टाकली, शेजारच्या शाळांत टाकली, अख्ख्या महाराष्ट्रात टाकली. पुढे तीच तारीख दाखल्यावर गेली, दाखल्यावरून कार्डावर गेली. आणि आता तीच तारीख त्या माणसांच्या विरोधात पुरावा म्हणून माझ्यासमोर मांडली जात होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे शासकीय रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली, असं तुम्ही म्हणता. लेखी द्याल?"

आवाज अजून सौम्यच होता, पण आता तपास माझ्याकडे वळला होता. बापाने मागून माझ्या खांद्याला हात लावला. "बाई, नको," तो हळूच म्हणाला. "तुमची पेन्शन जाईल."

मी म्हटलं, "कागद द्या."

पान भरून लिहिलं. या मुलांना मी ओळखते, त्यांच्या आईबापांना ओळखते, त्यांची घरं मी पाहिली आहेत, जन्मतारखा मी अंदाजाने घातल्या, त्याची जबाबदारी माझी, त्यांची नाही. खाली सही केली. साहेबांनी कागद वाचून फाइलला लावला आणि म्हणाले, "छान. आता आम्ही तुमच्या तालुक्याच्या पोलिसांना पडताळणीसाठी पत्र पाठवतो. त्यांचा अहवाल आला की बघू."

"तोवर?"

"तोवर इथेच."

"साहेब, फोन करा की. आत्ता. पाड्याच्या पोलीस पाटलांचा नंबर माझ्याजवळ आहे."

"पत्राशिवाय चालत नाही, मॅडम."

त्या पत्राला सहा दिवस लागले. आम्ही जो रस्ता एसटीने एका सकाळीत कापला तो कापायला सरकारच्या कागदाला सहा दिवस. मी भाचीकडे उतरले. बापालाही चल म्हटलं, पण तो आला नाही. हॉलच्या फाटकासमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्या मांडवात तो बसून राहिला. रसवाल्याने पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी काय झालं म्हणून विचारलं, तिसऱ्या दिवसापासून दुपारी आपल्या डब्यातली पोळी द्यायला लागला. बदल्यात हा ऊस सोलून द्यायचा.

रोज दुपारी दहा मिनिटं भेटू देत. एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, मधे दोरी बांधलेली. जावई दोरीपलीकडून हात करायचा. दुसऱ्या दिवशी गेले तर मुलीच्या मांडीवर एक तान्हं बाळ होतं.

"हे कोणाचं?"

तिने शेजारी भिंतीला टेकलेली बाई दाखवली. अगदी लहान चणीची, विशी-बाविशीची. डोळे मिटून बसली होती.

"तिचं. ती खरंच तिकडची हाय, बाई. त्या मारमारची. तिला ताप हाय म्हणून पोर मी घेतली."

"तुम्ही बोलता कशा?"

"बोलत नाय. ती हातांनी सांगते." मुलीने हवेत वरून खाली बोट आणलं, मग दोन्ही पंजे एकदम उघडले. बॉम्ब. मग घर दाखवलं, मग आग. "तिचा बाप आनि भाव तठं मेले. नवरा हतं, इकडं, आला होता, त्याला दुसरीकडं नेला. कुठं, ते तिला ठाऊक नाय."

ती आता माझ्याशी शाळेची भाषा आणि घरची भाषा मिसळून बोलत होती आणि मी कुठे काही सुधारत नव्हते.

मी बाई पोलिसाला विचारलं, या बाईला डॉक्टर दाखवला का. ती म्हणाली, गोळी दिली आहे. मी विचारलं, पुढे हिचं काय? ती म्हणाली, "आमच्या हातात नाही हो बाई. परत पाठवणार."

"कुठे परत?"

"जिथून आली तिथे."

मी पुन्हा साहेबांकडे गेले. म्हटलं, पाड्यावरच्या माणसांचं राहू द्या, ते सुटतील. पण ही बाई घर जळालं म्हणून पळून आली आहे. मूल तान्हं आहे. तिचं म्हणणं कोणी लिहून घेतलं का? तिची भाषा येणारा माणूस आणलात का? साहेबांचा सौम्यपणा तेव्हा पहिल्यांदा संपला. "मॅडम, तुम्ही तुमच्या मुलीसाठी आलात ना? तेवढंच बघा. उद्या तुम्ही म्हणाल, सगळ्यांनाच सोडा."

मी म्हणाले, "हो, म्हणेन." पण मला ठामपणे म्हणता आलं नाही. आपण फार बोललो तर पडताळणीचं पत्र आणखी लांबेल, ही भीती मनात होतीच. माणसाला असंच गप्प केलं जातं. आपलं माणूस आत असलं की बाकीच्यांबद्दल बोलायची हिंमत राहत नाही.

सातव्या दिवशी अहवाल आला. आमच्या तालुक्याचा हवालदार मोटारसायकलवरून पाड्यावर गेला होता. पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसला, दोन म्हाताऱ्यांना विचारलं, मुलीची लेकरं पाहिली आणि लिहून दिलं, की सदर इसम पिढ्यानपिढ्या येथील रहिवासी आहेत. दोन ओळी. माझं पानभर निवेदन, शाळेचा उतारा, वनपट्टा, कशाचा उपयोग झाला नाही; त्या दोन ओळींनी पाचही जणांना सोडलं. सुटताना त्यांच्याकडून एका कागदावर अंगठे घेतले. मी वाचायला मागितला. लिहिलं होतं, की चौकशीदरम्यान आम्हाला चांगली वागणूक मिळाली, आमची काही तक्रार नाही.

मी म्हटलं, "तक्रार आहे."

जावई म्हणाला, "बाई, सही करू दे. घरी जाऊ दे."

त्याने अंगठा दिला. मशीनवर बायकोसारखाच त्याचाही उमटला नव्हता, तो इथे शाईत चांगला उमटला, आणि इथे तो सगळ्यांना चालला.

मुलगी बाहेर आली, पण फाटकापाशी थांबली. ती तापातली बाई आणि तिचं बाळ रात्रीपर्यंत होती, म्हणाली. सकाळी उठले तर चटई रिकामी. पहाटेच बस आली होती, तिकडच्या सगळ्यांना घेऊन गेली. बाळाची एक झबल्यासारखी कुडती तिच्याकडे धुवायला होती, ती तशीच राहिली होती. ती तिने घडी करून कमरेला खोचली होती. बाई पोलिसाला तिने विचारलं, "ताई, कुठं नेली?" ती म्हणाली, "बॉर्डरला असेल. विमानाने नेतात म्हणे, पुढे कसं ते माहीत नाही."

परतीच्या एसटीत बाप खिडकीशी बसला होता. डोंगर लागले तेव्हा त्याने मला विचारलं, "बाई, तिकडं लढाई सरली का?"

"नाही."

"मग ती कुठं जाईल?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

"वणवा लागला की वरच्या पाड्याची मानसं आमच्या पाड्यावर पळून येतात," तो म्हणाला. "आमी त्यांना काय कागद मागतो? रातभर ठेवतो, भाकर देतो. आग इजली की ती आपली आपण जातात. आग हाय तवर कोन कोनाला परत ढकलतं?"

मागच्या सीटवरचा एक पँट-शर्टातला माणूस ऐकत होता. तो म्हणाला, "काका, असं नसतं ते. देशाचा प्रश्न आहे." बापाने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन्या गावचे?" प्रश्न आपल्यावरच उलटलाय, हे त्या माणसाला कळलं. तो पुढच्या थांब्यापर्यंत मोबाइल बघत बसला.

घरी आल्यावर मी स्वस्थ बसले नाही. मोठ्या अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला: कार्डं अडकवणाऱ्या मुकादमावर काय कारवाई केली, भाषेचा जाणकार न आणता माणसांना परदेशी कसं ठरवलं, आणि तिसरा प्रश्न, त्या बाईला आणि तिच्या बाळाला नेमकं कुठे सोडलं. उत्तर आलं, की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित कोण, ते लिहिलं नव्हतं. पावसाळ्यात मला शिक्षण खात्याकडून मात्र एक स्वतंत्र पत्र आलं, तेही लगोलग, रजिस्टर पोस्टाने. आपण सेवेत असताना जन्मनोंदी चुकीच्या केल्याचं आपल्याच निवेदनावरून दिसून येतं, तरी खुलासा करावा. एवढ्या सगळ्या प्रकरणात सरकारला सापडलेला गुन्हेगार मी एकटीच.

खुलासा लिहिला. त्यात सगळं पुन्हा सांगितलं, वर हेही लिहिलं, की दवाखाना पाड्यापासून इतका लांब कोणी ठेवला आणि जन्माची नोंद घरी येऊन करणारा माणूस कोणी नेमला नाही, याचाही खुलासा मागवावा. पुढे काही आलेलं नाही. पेन्शन अजून चालू आहे. बंद झाली तरी तो जबाब मी मागे घेणार नाही.

मुकादमाने कार्डं दुसऱ्या कोणाच्या हाती जव्हारच्या स्टँडवर पाठवून दिली, तोंड दाखवलं नाही. त्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. मुलगी त्या शहरात पुन्हा जाणार नाही म्हणते. नवरा म्हणतो, मोखाड्याचे काही जण नाशिककडे द्राक्षांच्या कामाला जातात, तिकडे जाऊ. जातील. घरात बसून खायला एवढं पिकत नाही. दोघांनी कार्डं आता प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात दोऱ्याने बांधली आहेत, शेतात जातानाही. आपल्याच डोंगरात, आपल्याच बांधावर भारा वाहताना गळ्यात कार्ड लटकवलेली बाई मी पाहिली, आणि मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

मागच्या आठवड्यात ती जव्हारला आली होती, लहान्या पोराला दवाखान्यात दाखवायला. माझ्याकडे येऊन ओट्यावर बसली.

"बाई, त्या बाईचं काही आलं का?"

"नाही गं. पुन्हा लिहिलंय."

"परत लिहा," ती म्हणाली. "तिचं नाव मी विचारलं होतं, तिने सांगितलं होतं, पन माना ते नीट बोलता नाय आलं. इसरले." तिने तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा काहीतरी आठवून पाहिलं. जमलं नाही. मग चहा पिऊन, पोराला कडेवर घेऊन, दुपारची जीप चुकेल म्हणून ती घाईने निघून गेली.